पदराआडची हनुवटी

दातांवरची शेवटची तार निघाली आणि तेरा वर्षांची रंजनी आरशात बघून हसली. दोन वर्षांत पहिल्यांदाच, अगदी तोंडभर. खालचे दात आता वरच्या दातांच्या आत बसत होते, चारचौघींसारखे. तिची आई कमलिनी हिला तर रडूच फुटलं.

अण्णा नगरातल्या या दातांच्या डॉक्टर राघोत्तमांचा हात मोठा हलका. पण माणूस पडला तंजावरच्या आपल्याच लोकांतला, आणि त्यांची आई चेन्नईतल्या साऱ्या मराठी घरांची लग्नं जुळवणारी. म्हणून तर पहिल्या दिवशी डॉक्टरांनी जेव्हा विचारलं, “घरात कुणाचा खालचा जबडा पुढे आलेला आहे का?” तेव्हा कमलिनी फटकन म्हणाली होती, “छे हो, कुणाचाच नाही!” झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या पोरीला स्थळं बघायची, आपणच कशाला दवंडी पिटा?

एवढ्यात दवाखान्याच्या दारात तिची नणंद उभी राहिली. सकवारबाई. तोंडावर नेहमीसारखा पदर.

“वन्सं, तुम्ही खाली ऑटोत बसणार होतात ना?” कमलिनी धडपडत उठली.

“अगं, बघू दे की माझ्या कण्णाला, माझ्या सोन्याला!”

सकवारबाईंनी भाचीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. पदर सुटला.

हातमोजे काढता काढता डॉक्टर थांबले. लांब, पुढे आलेली हनुवटी. खालचे दात वरच्या दातांच्या पार पुढे. त्यांनी सकवारबाईंकडे पाहिलं, मग रंजनीकडे. दोन वर्षांपूर्वीचा, दोन हजार चारचा एक्स-रे शोधला, दिव्यावर लावला आणि जबड्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“या कोण?”

“आत्या माझी!” रंजनी म्हणाली.

“तुम्ही तर कुणाचाच नाही म्हणालात, अम्मा.”

कमलिनी घाईघाईने म्हणाली, “आता काय त्याचं? दात तर सरळ झाले की.”

“दात मी सरकवले. जबडा नाही. तो अजून चार-पाच वर्षं वाढणार, आणि दातांना पुन्हा पुढे नेणार.” डॉक्टरांनी दिवा बंद केला. “हे घराण्यातलं आहे असं आधी कळलं असतं, तर वाढ थांबेपर्यंत मी हातच लावला नसता. जागा करायला खालचे दोन चांगले दात काढले, ते आता परत यायचे नाहीत.”

कमलिनीला पहिल्या दिवशीचा तो प्रश्न आठवला. आपणच हे केलं, आपल्या तोंडाने.

सकवारबाईंचं इकडे लक्षच नव्हतं. भाचीच्या हनुवटीवरून बोट फिरवत त्या कौतुकाने म्हणाल्या, “हुबेहूब माझं रूप गं! तेराव्या वर्षी मी अशीच दिसायची.”