गटातलं नाव

"आजपासून तू आमच्यातली गं पोरी," सासूबाई म्हणाल्या होत्या. अठरा वर्षं झाली, तरी तो मऊ आवाज इंदुमतीच्या कानात होता. त्याच दिवशी दाराच्या यंत्रात, घराच्या गटात तिचं नाव चढलं. ज्याचं नाव गटात, त्यालाच ओळखून दार आपोआप उघडायचं.

या आठवड्यात मात्र धाकटा दीर श्रीरंग तिला बाहेर पडू देईना.

"भाजी मीच आणतो, वहिनी."

"तीन दिवस तेच! आणता काय, तर वाळकी गवार. ह्यांनी तुम्हाला पहारा करायला सांगितलंय का, भाऊजी?"

ती चपला घालू लागली. तो दाराला पाठ लावून उभा राहिला.

"दादानं सोमवारीच तुमचं नाव काढलंय," तो खालमानेनं म्हणाला. "आत आहात तोवर दार जुनीच ओळख धरून आहे. बाहेर पडलात, की परत घेणार नाही."