वीतभर वायर

परीक्षा दहाला होती. पनवेलच्या केंद्राबाहेर तीस मुलं उभी होती, पण आत एकही संगणक नेटवर्कला जोडला जाईना. सगळ्या संगणकांच्या तारा ज्या डब्यात एकत्र येतात, त्या नेटवर्क स्विचचे दिवे पिसाटल्यासारखे लुकलुकत होते. तंत्रज्ञ स्नेहा एकेक तार तपासत होती. कोळीवाड्यातून सफाईला येणाऱ्या गंगाबाई हळूच म्हणाल्या, "ताई, सकाळी एका वायरचं टोक लोंबत होतं. होडीत दोरी मोकळी ठेवीत नाय आमी, पाय अडकतो. म्हणून तेपण याच डब्यात खोचलं." स्नेहाने ती वीतभर वायर उपटली. दिवे शांत झाले. तीसही स्क्रीनवर परीक्षा उघडली. "मावशी, दोन्ही टोकं एकाच स्विचला लावली की आतला निरोप बाहेर पडतच नाही, गोल फिरत सगळ्यांना अडवतो." गंगाबाईंनी वायर तळहातावर घेतली. "भोवरा," त्या पुटपुटल्या. "खाडीच्या तोंडाशी होडी गिळताना पायलाय. एवढ्याशा वायरीत मावतो, ठाव नवतं."