भाऊंना पडलेलं मत

चौऱ्याऐंशी साली बहारीनमधल्या भारतीय मंडळांच्या महासंघातून मराठी मंडळानं बाहेर पडावं की नाही, यावरून सत्ताधारी गटच फुटला आणि शैलेंद्र निवडणुकीत अध्यक्ष शिवदासभाऊंविरुद्ध उभा राहिला. स्वतःलाच मत देणं बरं दिसत नाही, म्हणून भाऊंनी चिठ्ठीवर शैलेंद्रचं नाव लिहिलं. मोजणीत भाऊंना एकच मत पडलं.

हरले खरे, पण शैलेंद्रच्या गाडीतून मुहर्रक शहरातल्या आपल्या खोलीवर परतताना भाऊ एकेक चेहरा आठवत होते. रावजी असेल? की तुकाराम? कोणी का असेना, त्याला शुक्रवारी जेवायला बोलवायचं. एकट्यापुरतं शिजवून जीव विटला होता.

दारापाशी गाडी थांबवत शैलेंद्र म्हणाला, "भाऊ, राग धरू नका. स्वतःला मत देणं मलाही जमलं नाही.

"माझं तुम्हालाच होतं."