नकाराचं पाकीट

“ह्या चपला कोणाच्या? अन् अशा वाकड्या काहून?”

सकाळचे सहा वाजले होते. फौजेतला हवालदार विश्वंभर अंगणात कमरेवर हात ठेवून उभा होता. घरात माणसं तीन: तो, त्याची बायको कोमल आणि आई मंजुळाबाई. तरी ही चौकशी रोज व्हायची.

“माझ्या हायेत,” कोमल चुलीपासून म्हणाली. “द्या फाशी.”

रजेचा बारावा दिवस होता. बारा दिवसांत त्याने जळण लांबीप्रमाणे रचलं होतं, शेळीचं दावं मोजून कापलं होतं आणि भिंतीतले सगळे खिळे उपटून पुन्हा एका ओळीत ठोकले होते. खिशात लाकडी पट्टी असायचीच. साधा हिशेबाचा कागद दिला तरी आधी पट्टी काढून रेघ मारायचा.

मग तो गिरणीत घुसला. साखरा गावातली ती हळद दळायची गिरणी कोमलने सात वर्षांत एकटीने उभी केली होती. दर गुरुवारी ती एसटीने हिंगोलीला पुड्या घेऊन जायची, दुकानादुकानात देऊन यायची. विश्वंभरने पहिल्याच दिवशी पोत्यांना नंबर घातले आणि हळद घेऊन आलेल्या बायकांना रांगेत उभं केलं. त्यातल्या दोघी परत फिरकल्या नाहीत.

“पेन्शनीत आल्यावर गिरणी मीच बघतो,” तो म्हणाला. “तू बस निवांत.”

निवांत! कोमलच्या अंगाचा तिळपापड झाला. सात वर्षं हिने हाडं झिजवायची आणि आता निवांत बसायचं म्हणे!

सगळं एका फॉर्मवर अडलं होतं. नोकरीला बावीस वर्षं झाली होती. आता एक तर नायब सुभेदाराच्या बढतीच्या कोर्सला जायचं आणि आणखी काही वर्षं फौजेत काढायची, नाहीतर पेन्शन घेऊन डिसेंबरात घरी यायचं. नको ती ओळ खोडून शाईने सही केलेला मूळ कागद पंधरा तारखेच्या आत युनिटात पोचायला हवा होता. मोबाईलवर फोटो पाठवून भागणार नव्हतं.

मंजुळाबाईंनी अन्न सोडलं. “लेकरू घरी यायचं कबूल करीस्तोवर घास घेणार न्हाई,” म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. पदराखाली शेंगदाणे चालू होते, ते कोमलला दिसत होतं. पण बोलायची सोय नव्हती.

“तुझं काय म्हणणं?” विश्वंभरने कोमलला विचारलं.

“घरी या,” ती म्हणाली. सासू हातभरावर बसलेली असताना दुसरं काय म्हणणार?

“एवढंच?”

“एवढंच.”

तो वैतागून उठला. “लिहितो आई, नकार लिहितो! आता जेव.”

आतल्या खोलीत जाऊन त्याने दार लोटून घेतलं. बाहेर आला तेव्हा पाकिटाला डिंक होता, डिंकावर चिकटपट्टी होती.

“इतकं बंद काहून केलं?” कोमलने विचारलं.

“सरकारी कागद हाये. उद्या हिंगोलीला जाऊनच राहिली, तर रजिस्टर करून टाक.”

मंजुळाबाईंनी त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या.

गुरुवारी कोमल पोस्टात गेली. रांगेत उभी राहिली, नंबर आला, खिडकीतल्या माणसाने हात पुढे केला. “राहू द्या,” ती म्हणाली आणि बाहेर पडली. नकार पोचलाच नाही तर फौज माणसाला सोडेल कशाला? देईल पाठवून कोर्सला. गावात परतताच आधी गिरणीत जाऊन तिने पाकीट रिकाम्या पोत्यांच्या तळाशी खुपसलं.

“पावती?” घरात पाय ठेवताच विश्वंभरने विचारलं.

“गर्दीत पडली वाटतं कुठं.”

“एवढं एक काम सांगितलं व्हतं तुला! एक!”

तो तरातरा अंगणात गेला आणि येरझाऱ्या घालू लागला. पायात आलेल्या चपला त्याने लाथेने उडवल्या. त्या पालथ्या पडल्या, तशाच राहिल्या.

पुढचे दिवस तो युनिटातल्या क्लार्कला फोन लावत राहिला. “डाक उशिरा येते, जरा थांबा,” क्लार्क सांगायचा. विश्वंभर ना धड जेवायचा, ना गिरणीत यायचा. कोमलला तेवढंच बरं वाटलं.

सोळा तारखेला दुपारी तिकडून फोन आला. विश्वंभर बोलत बोलत लिंबाखाली गेला आणि बराच वेळ तिथेच बसून राहिला. मग उठून आला.

“कागद पोचलाच न्हाई,” तो म्हणाला. “न पोचलेला कागद म्हंजे नकार. नियमच हाये तसा. कोर्सच्या यादीतून नाव कटलं.”

“म्हंजे?” कोमलचा आवाज चिरकला.

“म्हंजे डिसेंबरात घरी. कायमचा.”

मंजुळाबाई साखरेचा डबा घेऊन शेजारी पळाल्या. विश्वंभर बाजेवर बसला. “टाकलं व्हतं ना तू पाकीट?”

“व्हय.”

“बरं,” तो म्हणाला.

कोमल तडक गिरणीत गेली. रडू येत होतं आणि स्वतःचाच राग येत होता. पाठवलं असतं तरी नकार, दडवलं तरी नकार! खोटं बोलली, इतके दिवस जीव मुठीत धरून राहिली, ते सगळं फुकट गेलं. आता बसा निवांत.

तिने पोत्याखालून पाकीट ओढून काढलं. फाडून चुलीत घालायचं होतं, पण ती मेली चिकटपट्टी फाटेना. शेवटी पुड्या कापायची कात्री घेतली. पाकीट उभं चिरलं तसा कागद बाहेर घसरला.

खाली विश्वंभरची सही होती. वर दोन ओळी होत्या आणि त्यातली एक खोडलेली होती. ‘पदोन्नतीच्या कोर्ससाठी इच्छुक नाही’ या ओळीवर त्याने पट्टी धरून रेघ मारली होती, एकदम सरळ.