परमुलखातलं माहेर

फरशांचे ते व्यापारी गेली नऊ वर्षं एका चिमुकल्या देशाचे मानद वाणिज्यदूत होते. पगार नव्हता, पण फाटकावर पितळी पाटी आणि समारंभात पहिल्या रांगेतली खुर्ची होती. वाणिज्यदूत म्हणजे काय, असं कुणी विचारलं की स्वारी खुलायची. "परमुलखात आपल्या माणसाचं माहेर!" त्या देशाचं माणूस मात्र नऊ वर्षांत एकदाही दारी आलं नव्हतं.

आज भर दुपारी पहारेकरी वर आला. "साहेब, तुमच्या त्या देशाची बाई आलीय. कामावरच्या मालकाने पासपोर्ट काढून घेतलाय म्हणते. रडतेय."

"आत्ता कुठे पाठ टेकली रे! सांग, साहेब गावाला गेलेत."

"माहेरवाशिणीला दारातूनच परत?" बायकोने टोला हाणला. त्यांनी कूस बदलली, पण डोळा काही लागला नाही.

संध्याकाळी पोलीस चौकीतून फोन आला. "साहेब, आलात का गावाहून? तुमच्या देशाची एक बाई दुपारपासून इथे बाकावर बसलीय. तिचा मालक न्यायला आलाय, पण ती जागची हलत नाही."

"का?" त्यांनी कसंबसं विचारलं.



"म्हणते, आमचे साहेब गावाला गेलेत, नाहीतर त्यांनी मला असं सोडलं नसतं."