चालू ठेवा

ओमेश्वरीची बोटं काळी पडलेली आधी तिच्या सासूनं पाहिली. कुंताबाईनं चादर बाजूला केली, सुनेचा थंडगार हात हातात घेतला आणि तिथूनच ओरडली, "डॉक्टरीणबाई!"

भाताची रोवणी करताना पायात काटा रुतला, त्याचं विष रक्तात भिनलं आणि बीपी पार तळाला गेलं. म्हणून ओमेश्वरीला गोरेगाववरून गोंदियाच्या या दवाखान्यात आणलं होतं. तेव्हापासून ती आयसीयूत बेशुद्ध होती. मानेतल्या नळीतून बीपी धरून ठेवणारं औषध जात होतं आणि त्याचा डोस वाढतच चालला होता.

डॉक्टर अल्कानं बोटं दाबून पाहिली. मग कुंताबाईला घेऊन बाहेर बाकावर बसलेल्या घरच्या माणसांपुढं येऊन उभी राहिली.

"हे औषधामुळंच झालंय," तिनं सरळ सांगितलं. "ते रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून हृदयाला, मेंदूला रक्त मिळतं. बोटांपर्यंत मात्र पोचत नाही. डोस फार मोठा आहे, मला कळतं. आत्ताच कमी करून पाहिला, तर बीपी लगेच पडलं."

"नहराच्या पाण्यावानी," कुंताबाई म्हणाली. "वरच्या बांध्यांतलं धान जगते, टोकाच्या बांधीतलं वाळते."

"हो, तसंच."

सासरे लखनलाल ताडकन उठले. "म्हणजे दवाईच पोरीले खाऊन राहिली! बंद करा. आमी घरी नेतो."

"बंद केली तर?" कुंताबाईनं डॉक्टरला विचारलं.

"संध्याकाळ निघणार नाही."

"आन चालू ठेवली तर?"

"बोटं जातील. जीव वाचेलच, असा शब्द मी देत नाही. पण दुसरी वाटच उरली नाही."

"बिनबोटाची सून घरी नेऊन काय करू?" लखनलालांचा आवाज चढला. "रोवणी कोण करील? भात कोण रांधील? जगून तिचेच हाल!"

बाकावरच्या माणसांनी माना हलवल्या. कुंताबाई आजवर चारचौघांत नवऱ्यापुढं बोलली नव्हती. आज ती त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"तुमचे दात पडले, तवा मी तुमाले घराबाहेर काढलं का?"

कोणीतरी हसू दाबलं. कुंताबाई हसली नाही.

"तिनं जगावं का मरावं, हे तुमी काऊन ठरवून राहिले?" ती मुलाकडं वळली. "धनेंद्र, बायको तुही हाय. तोंड उघड."

धनेंद्रनं बापाकडं पाहिलं. मग काचेतून आत, नळ्यांमध्ये हरवलेल्या बायकोकडं.

"चालू ठेवा, मॅडम," तो म्हणाला.

लखनलाल चपला फटफटवत जिना उतरून गेले. कुंताबाई त्यांच्या मागं गेली नाही. ती आत गेली आणि सुनेच्या उशाशी बसली.

हळूहळू जंतूंचा जोर ओसरला, तसा औषधाचा डोस उतरत गेला. ओमेश्वरीनं डोळे उघडले. पुढं शस्त्रक्रियेत डाव्या हाताची बोटं गेली, उजव्याची अर्धी राहिली.

दवाखान्यातून सुटल्यावर हिवाळ्यात ती सासू-सासऱ्यांबरोबर पहिल्यांदा गोरेगावच्या बाजारात आली. दोन्ही हात पदराखाली होते. तरी माणसं थांबून बघायची, आपसात कुजबुजायची. डाव्या हातावरचा पदर जरासा सरकला, तसे मागून लखनलाल पुटपुटले, "हात झाक. लोक पाहून राहिले."

कुंताबाई काही बोलणार, तोच ओमेश्वरी बांगडीवालीच्या पालापुढं बसली. तिनं पदर काढून कमरेला खोचला आणि डावा हात सगळ्यांसमोर लांब केला. बांगडीवाली दचकली. हात धरावा की नाही, तिला कळेना.

"भेतेस काऊन?" ओमेश्वरी म्हणाली. "मनगट शाबूत हाय. हिरव्या दे, कोपरापर्यंत भर."