सगळा आवाज सुरात

"बंदच करते क्लास," पद्मजाबाई म्हणाल्या आणि त्यांनी लॅपटॉप असा मिटला, की आतल्या बायका तान घेता घेता चेंगरल्या.

हिमांशूने आईपुढे चहा ठेवला. "आज काय झालं?"

"रोजचंच. मी गाऊन दाखवते, मग त्या म्हणतात. पाचोडची दगडाबाई काय, देवगाव रंगारीची दीपमाला काय, सगळ्या एकाच जागी बेसूर! ठरवून केल्यासारख्या. मलाच शिकवता येत नसेल रे."

हे ऐकायला अनंतराव घरात नव्हते. बायकोचा क्लास सुरू झाला की ते हंडे घेऊन चौकात टँकरची वाट बघत. पाणीटंचाईच्या त्या वर्षी उस्मानपुऱ्यात हे कुणालाही पटण्यासारखं होतं. टँकरचा दिवस नसला तरी.

मागे एकदा क्लास बंद पडला होता, तेव्हा आईने जेवण सोडलं होतं आणि हिमांशूच्या लग्नात लक्ष घातलं होतं. पुन्हा तेच बघायची त्याची तयारी नव्हती.

तो जाहिराती रेकॉर्ड करायचा. बेसूर आवाज आपोआप सुरात आणणारं एक प्लगिन त्याच्याकडे होतं. त्याच्या जोरावर एक बिल्डर आपल्या नव्या स्कीमच्या जाहिरातीत स्वतः गायला होता आणि फ्लॅट विकलेही गेले होते. नळाला पाणी नसलेले.

आई भाजीला गेल्यावर हिमांशूने ते प्लगिन तिच्या लॅपटॉपवर बसवलं. कोणता आवाज त्यातून न्यायचा, असं पडद्यावर विचारलं होतं: येणारा, इथून जाणारा की सगळा? निवडत बसायचा त्याला कंटाळा. त्याने 'सगळा'वर टिचकी मारली.

मग "शेवटचा एक क्लास घे" म्हणून आईच्या मागे लागला.

दगडाबाईचं गाणं ऐकून पद्मजाबाईंनी चष्मा काढला. "पुन्हा म्हणा."

"चुकलं का, मॅडम?"

"नाही हो. म्हणूनच पुन्हा म्हणा."

त्या दिवशी घरात शिरा झाला. क्लास बंद करायचं नावही कुणी काढलं नाही. अनंतराव मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा हंडे घेऊन निघाले.

"बाबा, बसा की घरात. आता सगळ्या सुरात आहेत."

"त्यांच्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती," चपला घालत अनंतराव म्हणाले.

उन्हाळा सरत आला तेव्हा पद्मजाबाईंनी जाहीर केलं, "हॉल ठरवलाय. सगळ्यांचं गाणं होऊन जाऊ दे लोकांसमोर!"

हिमांशूला ठसका लागला. "ऑनलाइनच ठेव ना."

"का? पोरी काय वाईट गातात?"

हिमांशू पुन्हा खोकत सुटला.

कार्यक्रमाच्या दिवशी तो माईकवाल्या सखारामला चिकटून उभा राहिला. "मी खूण केली की वायर उपट. आईची अब्रू तुझ्या हातात आहे."

"उपटतो की. पण लोक मलाच हाणतील, भाऊ."

दगडाबाई पदर सावरत माईकपुढे बसली. हिमांशूने डोळे मिटले. मग एक उघडला. मग दुसरा.

ती सुरात होती. दीपमालाही सुरात होती. एकामागून एक सगळ्या गायल्या, आणि खुर्च्या नेऊन ठेवायला आलेला माणूस स्वतःच एका खुर्चीवर बसला. सखारामने वायर सोडून टाळ्या वाजवल्या.

रियाजच केला असणार, हिमांशूने ठरवलं. त्याला रडू येत होतं आणि हसूही.

"आता बाईंनी गायलंच पाहिजे!" पुढच्या रांगेतून आवाज आला.

दाराजवळच्या खुर्चीवरून अनंतराव हलकेच उठले.

पद्मजाबाई डोळे पुसत मंचावर गेल्या. शिष्या त्यांच्यामागे दाटीवाटीने बसल्या. इतक्या दिवसांत आपल्या मॅडमना समोरासमोर ऐकायची त्यांची ही पहिलीच वेळ. पद्मजाबाईंनी तानपुरा जुळवला, पोरींकडे एकवार कौतुकाने पाहिलं आणि पहिली ओळ म्हटली.

शिष्यांनी एकमेकींकडे पाहिलं.

दगडाबाई पुढे सरकली आणि माईकवर हात ठेवून फार मायेने म्हणाली, "मॅडम, सूर खाली जायलाय. भिऊ नका, माझ्या मागं म्हणा."